मेंदूचे सिम्युलेशन आणि अबोध पूर्वग्रह

निर्णय घेताना माणूस नकळत एका बाजूला झुकतो. हा झुकाव मेंदूच्या कामात नेमका कुठे शिरतो, हे चेतापेशींच्या जाळ्याची संगणकीय प्रतिकृती चालवून शोधण्याची पद्धत.

लातूरच्या मोंढ्यातला सौदा डोळ्यांसमोर आणावा. खरेदीदार सोयाबीनच्या ढिगात हात घालतो, दाणा पारखतो, भाव बोलतो. डाग, माती, ओलावा असा एकेक पुरावा मेंदू जमवत जातो आणि बेरीज ‘हवा’ किंवा ‘नको’च्या उंबरठ्याला टेकली की निर्णय होतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये स्मरणाच्या अभ्यासासाठी मांडलेल्या प्रतिमानाचा (मॉडेलचा) हा गाभा. मेंदूशास्त्रज्ञ शाओ-जिंग वांग यांनी २००२ मध्ये सुमारे २,००० कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्यात असाच निर्णय घडवून दाखवला. त्यात पेशींचे दोन गट एकमेकांना दाबत राहतात. जो वरचढ ठरतो, त्याचा कौल.

पूर्वग्रहाला इथे दोन वाटा आहेत. ‘अमक्या गावचा माल ओलाच असतो’ ही खूणगाठ आधीच पक्की असेल, तर मेंदू ‘नको’च्या उंबरठ्याजवळूनच निघतो. दुसऱ्या वाटेत सुरुवात मधोमध होते, पण माल आणणारा माणूस पाहून त्याच दाण्यावरचे डाग जास्त भरतात. शेतकऱ्याच्या हाती दोन्हीकडून पडलेला भावच येतो. फरक उमटतो वेळेत. पहिला झुकाव झटपट निर्णयांत ठळक असतो आणि सवड मिळाली की ओसरतो. दुसरा सवडीनंतरही टिकतो. सिम्युलेशन दोन्ही वाटा चालवून त्यांच्या वेळा खऱ्या माणसांच्या वेळांशी ताडून पाहते. झुकणाऱ्यालाच आपला झुकाव अनेकदा ठाऊक नसल्याने त्याला विचारून हे उमगणे अवघड, म्हणून या पद्धतीचे मोल मोठे. मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड व सहकाऱ्यांची १९९८ ची अबोध साहचर्य चाचणी, म्हणजे मनात नकळत जुळलेल्या कल्पना मोजणारी चाचणीही उत्तराला लागणाऱ्या मिलिसेकंदांवरच उभी आहे. त्या विलंबाची फोड मात्र प्रतिमानामुळे करता येते.

उपायही त्यावरून ठरतो. मराठवाड्यात भाड्याने खोली मागायला आलेल्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न बहुधा ‘आडनाव काय? गाव कोणतं?’ हाच असतो. घरमालकाचा झुकाव दुसऱ्या वाटेचा असेल, तर ‘सावकाश विचार करा’ हा सल्ला अपुरा पडतो. आडनाव न विचारताच खोली ठरवावी लागते. मोंढ्यात ओलावा हाताऐवजी मीटरने पाहावा, तसेच हे.

आडनावावरून माणूस तोलण्याची सवय मात्र उपजत नाही. शिकणाऱ्या प्रतिमानांत अनुभवागणिक पेशींमधल्या जोडण्यांचे बळ बदलते, आणि माणसाला तो अनुभव घर, वस्ती, शाळा इथेच मिळतो.