क्षाराच्या पाण्यात हिरवे मत्स्यालय

पुण्या-मुंबईहून मागवलेल्या पाणवनस्पती जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या घरातील टाकीत लावल्या की काही दिवस त्या टवटवीत दिसतात. मग पाने पारदर्शक होऊ लागतात, देठ सडतात आणि हळूहळू त्यांच्या जागी शेवाळ पसरते. असे झाले की दोष बहुधा दिव्याला दिला जातो आणि आणखी प्रखर दिवा आणला जातो. माझ्या मते येथे निदानाची दिशाच चुकते. खानदेशातील मत्स्यालयात प्रकाश क्वचितच कमी पडतो. कमी पडतो तो वनस्पतीला वापरता येईल अशा रूपातील कार्बन, आणि तो का कमी पडतो याचे उत्तर आपल्या बोअरच्या पाण्यात आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळशा पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेल्या असतात. त्यांची पाने हवेतून वायू घेण्यासाठी घडलेली असल्यामुळे पाण्याखाली गेल्यावर ती गळतात आणि पातळ, मऊ अशी नवी पाने फुटतात. क्रिप्टोकोरीनसारखी वनस्पती तर जागा बदलली तरी सगळी पाने टाकते आणि कंदातून पुन्हा उगवते. म्हणून सुरुवातीच्या पानगळीला घाबरून ती उपटू नये. नवी पाने येतच नसतील, तेव्हा मात्र खरी अडचण सुरू झाली असे समजावे.

वनस्पतीच्या कोरड्या वजनाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग कार्बनचा असतो. जमिनीवरच्या झाडाला तो हवेतून सहज मिळतो, परंतु पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे रेणू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद गतीने पसरतात. पानाला चिकटलेल्या स्थिर पाण्याच्या थरातील वायू संपला की नवा वायू येईपर्यंत पानाला वाट पाहावी लागते. शिवाय हवेच्या संपर्कात असलेल्या २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हा वायू लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम विरघळलेला असतो. अशा स्थितीत दिव्याची शक्ती वाढवली तर वनस्पतीची वाढ कार्बनअभावी अडलेलीच राहते आणि उरलेल्या प्रकाशाचा लाभ शेवाळाला होतो.

आता आपले पाणी पाहू. खानदेशाचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड सोबत घेते, त्यामुळे किंचित आम्लधर्मी होते, खडकातील खनिजे झिजवते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट घेऊन विहिरीत किंवा बोअरमध्ये येते. साबणाला फेस न येणे आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसणे ही त्याचीच लक्षणे. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ८ असेल तर विरघळलेल्या या कार्बनपैकी फक्त दोन-तीन टक्के मुक्त कार्बन डायऑक्साइडच्या रूपात असतो. बाकी जवळजवळ सगळा बायकार्बोनेटच्या रूपात असतो. म्हणजे टाकीत कार्बनचा साठा भरपूर आहे, पण तो वापरण्याची क्षमता प्रत्येक वनस्पतीत नाही.

शाळेत उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून परीक्षानळीत ऑक्सिजन गोळा करण्याचा प्रयोग अनेकांनी केला असेल. त्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की बुडबुड्यांचा वेग वाढतो. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि हायड्रिलाला त्यातून कार्बन मिळवता येतो. ही वनस्पती पानाच्या खालच्या बाजूने आम्ल सोडते. तेथे बायकार्बोनेटचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते आणि तो पानात शिरतो. त्याच वेळी वरच्या बाजूचे पाणी अल्कधर्मी बनते आणि तेथे कॅल्शियम कार्बोनेटचा बारीक थर बसतो. क्षाराच्या पाण्यातील पानांवर हाताला लागणारी पांढरी खरखर अनेकांना रोग वाटते. प्रत्यक्षात ते वनस्पती बायकार्बोनेटमधून आपला कार्बन मिळवत असल्याचे चिन्ह असते.

म्हणूनच निवड हीच येथे सर्वांत मोठी मशागत आहे. हायड्रिला, सेराटोफायलम आणि व्हॅलिस्नेरिया या तिन्ही वनस्पती बायकार्बोनेट वापरतात, तिन्ही भारतातील तळ्यांत व संथ पाण्यात आपोआप वाढतात, आणि तरीही परदेशी रोपांच्या तुलनेत त्या सामान्य समजल्या जातात याचे मला फार वाईट वाटते. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, गोगलगाई आणि वनस्पती यांचा समतोल काचेच्या टाकीत साधता येतो हे दाखवले, तेव्हा त्यांनी निवडलेली वनस्पती व्हॅलिस्नेरियाच होती. यांच्या जोडीला मंद वाढणारी आणि थोड्या कार्बनवर भागवणारी अनुबियास किंवा जावा फर्न लाकडाला वा दगडाला बांधून लावता येतात. मात्र त्यांचे आडवे खोड वाळूत गाडू नये, ते कुजते. याउलट टोनिना किंवा रोटाला मॅक्रान्ड्रा यांना मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागते. आरओचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर यांची तयारी असेल तरच त्यांच्या वाटेला जावे.

तळाला वाळू घालण्यापूर्वी तिच्यावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तीत चुना आहे आणि ती आधीच क्षारयुक्त असलेले पाणी आणखी क्षारयुक्त करील.

कार्बननंतर प्रश्न येतो खतांचा, आणि येथे खानदेशातील शेतकऱ्याला शहरी हौशी माणसापेक्षा अधिक ठाऊक असते. चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, कारण लोह जमिनीत असूनही जास्त सामूमुळे ते विरघळत नाही. मत्स्यालयात नव्या पानांवर दिसणारी पिवळट झाक बहुतेक वेळा याच कारणाने येते. हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग होत नाही. आपल्या पाण्यात ते लोह गंजासारखे होऊन तळाशी बसते. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून विरघळलेले ठेवलेले लोह लागते, आणि त्यातही ईडीटीए प्रकारापेक्षा डीटीपीए प्रकार जास्त सामूच्या पाण्यात अधिक टिकतो. जुनी पाने पिवळी पडत असतील तर नत्राच्या, आणि त्यांना बारीक छिद्रे पडत असतील तर पालाशाच्या (पोटॅशियमच्या) कमतरतेची शंका घ्यावी.

केळीच्या बागेत ठिबकमधून सोडले जाणारे १३:०:४५ हे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. जगभरातील मत्स्यालयांत हेच रसायन वापरले जाते. १०० लिटर पाण्यात त्याचे एक ग्रॅम विरघळवले तर लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ४ मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळते. मासे पुरेसे असतील तर आठवड्याला इतकेही पुष्कळदा लागत नाही. परंतु १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद व पालाश यांचे मिश्र खत टाकीत कधीही घालू नये. त्यातील नत्राचा काही भाग अमोनियाच्या आणि युरियाच्या रूपात असतो. सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग माशांना विषारी अशा रूपात असतो, सामू ८.५ आणि तापमान ३० अंश असेल तर हाच भाग सुमारे वीस टक्क्यांवर जातो. पाणी क्षाराचे आणि हवामान उष्ण, अशा ठिकाणी ही चूक एका रात्रीत मासे मारू शकते. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबे असते आणि ते गोगलगाई व कोळंबीला घातक ठरते, हेही ध्यानात ठेवावे.

उन्हाळा हा येथील सर्वांत कठीण काळ. भुसावळ-जळगाव परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि बंद खोलीतील टाकीचे पाणी तीस अंशांच्या बरेच पुढे जाते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो, ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्या आत येतो. आणि नेमक्या त्याच वेळी मासे, जिवाणू व वनस्पती या सर्वांचे श्वसन वाढलेले असते. दिवा विझल्यावर वनस्पती ऑक्सिजन निर्माण करत नाहीत, फक्त वापरतात. त्यामुळे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसतात ते पहाटे. ज्यांच्या टाकीत दाट वनस्पती आहेत त्यांनी उन्हाळ्यात हवेचा पंप रात्री अवश्य चालू ठेवावा आणि वीज जाण्याची शक्यता असेल तर बॅटरीवर चालणारा पंप जवळ बाळगावा.

पाणी थंड करण्याचा स्वस्त मार्ग आपल्या कोरड्या हवेनेच दिला आहे. टाकीचे झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनामुळे पाणी काही अंशांनी उतरते, जसे माठातले उतरते. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय फारसा चालत नाही, पण तेव्हा त्याची गरजही कमी असते. दिवा दिवसाला सात-आठ तासच लावावा, आणि शक्यतो दुपार टाळून सकाळ-संध्याकाळी.

पंख्याने उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र बोअरच्या पाण्याने करू नये. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी. क्षार टाकीतच राहतात, आणि रोज वरून तेच पाणी घालत गेले तर उन्हाळा संपेपर्यंत त्यांचे प्रमाण मूळच्या कितीतरी पट होते. भरपाईसाठी आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे आणि बोअरचे पाणी फक्त आठवड्याला चौथा हिस्सा बदलताना घालावे. छाटलेल्या फांद्या गटारात किंवा नदीपात्रात टाकू नयेत: मत्स्यालयांच्या व्यापारातून १९५० च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचलेल्या हायड्रिलाने तेथील तळी व कालवे व्यापून टाकले. परदेशी जाती गिरणेत किंवा तापीत गेल्या तर येथेही तसे होऊ शकते. त्या फांद्या उन्हात पूर्ण वाळवून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकाव्यात.