मांडे (बेळगावी)

मांडे (ए. व. मांडा, कन्नड : मंडिगे). गव्हाच्या तलम पिठाची पातळ पारी करून ती पालथ्या भांड्याच्या पाठीवर भाजून केलेले पक्वान्न. मराठीत या एकाच नावाने दोन बरेच निराळे पदार्थ ओळखले जातात. खानदेशी मांडा मऊ, हातावर वाढवलेला, पुरण भरलेला आणि खापरावर भाजलेला असतो. तो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खाऊन संपवावा लागतो. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या सीमाभागात व पुढे धारवाड-कारवारच्या बाजूला जो मांडा होतो तो कोरडा, कुरकुरीत, पिठीसाखरेचा, चौकोनी-लांबट घडीचा असून नीट ठेवल्यास काही आठवडे टिकतो. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. दोहोंतला भेद न पाळल्याने उगमाच्या चर्चेत बराच गोंधळ झालेला दिसतो.

व्युत्पत्ती व उगम : शब्द संस्कृत ‘मण्डक’ यापासून आला, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो मण्डक हा शब्द कोठून आला, याचा. काहीजण तो ‘मण्ड्’ (सजवणे) या धातूशी जोडतात, काही ‘मण्डल’ म्हणजे वर्तुळ याच्याशी, तर काही ‘मण्ड’ म्हणजे पेज किंवा साय याच्याशी. पदार्थाचा गोल आकार पाहता दुसरा पर्याय सोयीचा वाटतो, पण सोयीच्या व्युत्पत्तीवर फार विसंबू नये. कन्नडमधील ‘मंडिगे’ हे रूप संस्कृतातून आले की मूळ देशी शब्दालाच संस्कृत पेहराव चढला, हेही निश्चित सांगता येत नाही.

पदार्थाचा ठळक उल्लेख कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. सु. ११२६–३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात येतो. ग्रंथाचा काळ सामान्यतः ११२९ ते ११३१ च्या सुमाराचा मानतात. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात गहू धुऊन, वाळवून, दळून, चाळून केलेल्या पिठाचे मंडक तापल्या खर्परावर, म्हणजे खापरावर भाजण्याची कृती आहे. कल्याणीचे राज्य कन्नड व मराठी या दोन्ही भाषांच्या प्रदेशांवर पसरलेले होते. त्यामुळे हा ग्रंथ एका भाषेच्या बाजूने पुरावा म्हणून पुढे करणे फारसे समर्पक नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिसऱ्या मंगरसाने कन्नडमध्ये ‘सूपशास्त्र’ हा पाकशास्त्रावरील पद्यग्रंथ रचला. त्याचे पहिले प्रकरण पिठाच्या पदार्थांचे आहे.

त्याच शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथातील वर्णन या नोंदीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. तेथे कणकेचा उंडा हाताने पसरायचा, पालथ्या घड्याच्या बाहेरच्या अंगावर टाकायचा आणि मंद आचेवर भाजायचा, असे सांगितले आहे. मंडक कशाबरोबर खावा याचेही विधान आहे : दूध, तूप आणि खांड (साखर). यावरून जुन्या मंडकाचा वारसा दोन ठिकाणी विभागला गेला असावा, असे दिसते. हाताने पसरण्याची व पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजण्याची पद्धत खानदेशात राहिली, पण तेथे आत पुरण आले. दूध-तूप-साखरेबरोबर खाण्याची रीत बेळगावकडे राहिली, पण तेथे साखर बाहेरून पारीच्या आत गेली, हाताची जागा लाटण्याने घेतली आणि घड्याची जागा लोखंडी कढईने. आजच्या बेळगावी मांड्यात साखरेचे व मैद्याचे जे प्रमाण आहे, ते गिरणीचा मैदा आणि कारखान्याची साखर स्वस्त होण्याआधीचे नसावे. म्हणजे नाव निदान नऊ शतकांचे जुने, पण पदार्थ आजच्या रूपात बराच अलीकडचा, हे मत येथे अधिक ग्राह्य धरले आहे.

मुक्ताबाईला मांडे हवे असता खापर मिळू दिले गेले नाही आणि ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने आपली पाठ तापवून त्यावर मांडे भाजू दिले, ही कथा सर्वश्रुत आहे. चरित्रपुरावा म्हणून तिचा उपयोग नाही. मात्र कथा रूढ झाली तेव्हा मांडे म्हटले की खापर आलेच, एवढे तिच्यातून नक्की कळते. म्हणजे ती खानदेशी पद्धतीच्या मांड्याची कथा आहे. बेळगावी मांड्याचे मूळ सांगताना ती देतात, ते सयुक्तिक नाही.

‘मनात मांडे खाणे’ या मराठी वाक्प्रचाराला कन्नडमध्ये नेमकी जोड आहे : तिकडेही माणूस मनात मंडिगेच खातो. वाक्प्रचार कोणी कोणाकडून घेतला हे ठरवणे कठीण, आणि सीमाभागात तो ठरवण्याची कोणाला गरजही पडत नाही.

कृती : पारीसाठी मैदा व चिरोटी रवा समप्रमाणात, किंवा दोन भाग मैद्याला एक भाग रवा घेतात. नुसत्या मैद्याची पारी लाटायला सोपी जाते, पण भाजल्यावर चिवट होते. रव्याने खुसखुशीतपणा येतो. चिमूटभर मीठ घालून पीठ सैलसर भिजवतात आणि ओल्या फडक्याखाली निदान दोन तास ठेवतात. नंतर तेलाचा हात लावत ते तिंबतात किंवा कुटतात. उंड्याचा तुकडा दोन बोटांत ओढला असता न तुटता पापुद्र्यासारखा ताणला गेला, म्हणजे पीठ तयार झाले. या टप्प्यावर घाई केली तर पुढे काहीही करून पारी फाटतेच, कारण पिठातील चिकटद्रव्य (ग्लूटेन) पाणी पिऊन सैल झालेले नसते.

सारण म्हणजे पिठीसाखर, थोडे पातळ केलेले तूप, भाजून कुटलेली खसखस आणि वेलदोड्याची पूड. साखर वस्त्रगाळ असावी. एक जाड कण राहिला तरी लाटताना तो पारीला आतून भोक पाडतो, आणि भोकातून गळलेली साखर कढईवर जळून पुढच्या प्रत्येक मांड्याला काळे डाग लावते. तूप इतकेच घालावे, की साखर मुठीत धरली असता जेमतेम गोळा होईल. जास्त झाले तर लाटताना सारण एका बाजूला सरकते. खसखस वर्ज्य मानणाऱ्या जैन घरांत ती वगळतात.

एका मांड्यास सुमारे ६० ग्रॅमचा उंडा व ५० ग्रॅम सारण हे प्रमाण नवशिक्यास झेपते. सराईत बायका सारण उंड्याहून अधिक भरतात. उंड्याची वाटी करून सारण भरावे, तोंड घट्ट मिटावे, मिटलेली बाजू खाली ठेवून तांदळाच्या पिठीवर कडेकडेने लाटावे. मध्यावर जोर दिल्यास साखर कडेला पळते व मध्य पारदर्शक होऊन फाटतो. पारी हातभर व्यासाची झाली की ती लाटण्यावर गुंडाळून उचलतात.

चुलीवर किंवा शेगडीवर कढई पालथी घालून निखाऱ्यांची सम आच ठेवतात. पारी तिच्या पाठीवर पसरताना मध्य आधी टेकवून कडा मागाहून सोडतात, म्हणजे खाली हवा अडकत नाही. मांडा उलटत नाहीत. एकाच बाजूने भाजतो. खालचा भाग बदामी झाला आणि वरचा ओलसरपणा गेला, की कढईवरच दोन बाजू आत दुमडून, मग उरलेल्या दोन दुमडून घडी घालतात. कौशल्य खरे येथे आहे. लवकर घडी घातली तर आतले पदर एकमेकांना चिकटून मांडा चामट होतो. अर्धा मिनिट उशीर झाला तर पारीतले पाणी उडून ती पापडासारखी मोडते. म्हणून लाटणारी, भाजणारी आणि घडी घालणारी अशा तिघी बसल्या तर काम सुरळीत चालते.

साखर आत पूर्ण वितळत नाही, वितळूही नये. सुक्रोज वितळायला सुमारे १८६ अंश सेल्सिअस तापमान लागते. आच तेवढी चढली तर पाक होतो, तो थंड झाल्यावर काचेसारखा कडक होतो आणि मांडा दाताखाली टोचतो. चांगल्या मांड्यात साखर तुपासह पदरांना लपेटून राहते व मोडताना थोडी भुरभुरते.

घडी पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नये. कोंडलेल्या वाफेने रात्रीत सगळे मऊ पडतात. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, हवेतच इतका ओलावा असतो की मांडे करणे शक्यतो टाळतात.

पंगतीतील स्थान व खाण्याची रीत : बेळगावकडील लग्नाच्या रुखवतात मांडे ठेवण्याची प्रथा आहे. फोडणीच्या पोह्यांपासून कुंद्यापर्यंत बाकी सारे बाजारात तयार मिळते, पण सुबक घडीचे मांडे हे अजूनही हाताचे काम समजले जाते. ते उभे रचून करंडीत भरतात. आडवे एकावर एक रचल्यास तळाचे चुरा होतात.

पंगतीत मांडा अख्खाच वाढतात. मोडलेला मांडा पानात टाकणे कमीपणाचे समजतात. तुकडे घरच्यांच्या वाट्याला राहतात. जेवणाऱ्याने तो उजव्या हाताने वरून दाबून कुस्करावा, त्यावर वाढप्याकडून गरम दूध व चमचाभर तूप घ्यावे. केळीच्या पानावर दूध वाहून जाते, म्हणून द्रोण किंवा वाटी मागण्यात संकोच नको. दूध आधी व मांडा नंतर असा क्रम केल्यास वरचे पदर कोरडे आणि खालचा लगदा अशी गत होते. दूध घातल्यावर लगेच खावे. साखर आत असल्याने दुधात वेगळी साखर घालत नाहीत.

मांडा मोठा असतो. पेलणार नसेल तर वाढण्याआधीच ‘अर्धा द्या’ म्हणावे आणि शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यावा. पानात टाकलेला उष्टा मांडा यजमानाच्या मनाला लागतो, कारण त्यामागची मेहनत सर्वांना ठाऊक असते. आग्रह एकदाच करावा, असा संकेत आता बऱ्याच घरांत रुळला आहे. कन्नडभाषक घरांतील रीतही मूलतः हीच आहे.

आहारदृष्ट्या : भावप्रकाशात मंडक बलकारक, रुचकर व पचायला हलका म्हटला आहे. ते वर्णन सारणाशिवाय केलेल्या मंडकाचे आहे. आजच्या मांड्याच्या वेष्टनावर ते छापणे बरोबर नाही. सराईत हाताच्या मांड्यात ४० ग्रॅम सुके पीठ, ५० ग्रॅम साखर व १० ग्रॅम तूप धरले तर एका मांड्यातून सुमारे ४३० किलोकॅलरी मिळतात, दूध-तूप वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार मुक्त साखर (पदार्थात वरून घातलेली, तसेच मध व फळांच्या रसातील साखर) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २,००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅमची होते, म्हणजे एका मांड्यात दिवसाचा वाटा संपतो. मधुमेहींनी पाव मांडा, तोही भात कमी करून घ्यावा. रिकाम्या पोटी दुधात कुस्करून घेणे सर्वांत वाईट.

साखरेऐवजी गूळ भरण्याचे प्रयोग अधूनमधून होतात. गूळ आरोग्याच्या दृष्टीने साखरेहून फारसा वेगळा नाही, आणि तो हवेतला ओलावा ओढून घेतो. त्यामुळे लाटतानाच पारी ओली होऊन फाटते, आणि जमलाच तर मांडा दुसऱ्या दिवशी चिवट लागतो. साखर कमी करून तिची जागा भाजक्या तिळाच्या कुटाने भरून काढणे त्या मानाने जमते. मात्र तीळ तेल सोडतात, म्हणून तुपाचे प्रमाण निम्म्यावर आणावे लागते आणि मांडे आठ दिवसांत संपवावे लागतात.