नाताळची गृहसिद्धता (गोवा)

गोव्यातील कॅथलिक कुटुंबांत 25 डिसेंबरच्या ख्रिस्तजन्मोत्सवापूर्वी घराची डागडुजी व रंगरंगोटी होते, घरगुती गोठा (ख्रिस्तजन्माचा देखावा) मांडला जातो, तारा टांगला जातो आणि फराळाची तयारी होते. या साऱ्यांचा समावेश या प्रथेत होतो. तिचा मुख्य विस्तार तिसवाडी, बारदेस व सासष्टी या जुन्या काबिजादींत (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागांत) असून 18 व्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली आलेल्या नव्या काबिजादींत ख्रिस्ती वस्ती विरळ असल्याने तेथे ती तुरळक आढळते. चर्चच्या पंचांगानुसार नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा तयारीचा काळ होय. व्यवहारात मात्र 3 डिसेंबरचे जुने गोवे येथील संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (चर्चचा उत्सव) आणि 8 डिसेंबरचे पणजीचे फेस्त आटोपल्यावरच घरकामाला वेग येतो.

घराच्या दुरुस्तीचे कारण प्रथमतः हवामानाशी निगडित आहे. वर्षाकाठी सुमारे 3,000 मिमी. पाऊस झेलणाऱ्या चिऱ्यांच्या भिंतींवर शेवाळ धरते, चुन्याचा गिलावा सुटतो आणि कौले सरकतात. त्यामुळे पावसाळा सरल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत ही कामे उरकून घेण्याचा परिपाठ हिंदू घरांत दिवाळीशी आणि ख्रिस्ती घरांत नाताळाशी जोडला गेला. पोर्तुगीज काळात पावसाळ्यानंतर घर रंगवणे सक्तीचे होते व पांढरा रंग केवळ चर्चसाठी राखीव होता, असे स्थानिक वर्णनांत वारंवार येते. हा सर्वत्र अमलात आलेला कायदा मानण्यापेक्षा रूढ संकेत समजणे अधिक सुरक्षित ठरते. जुन्या वाड्यांत शिंपल्यांच्या अर्धपारदर्शक चकत्या बसवलेल्या खिडक्यांची सफाई हे वेगळे व नाजूक काम असते, कारण लाकडी पट्ट्यांत अडकवलेल्या या चकत्या ओढाताणीने तडकतात.

तयारीचा केंद्रबिंदू म्हणजे गोठा. ख्रिस्तजन्माचा देखावा मांडण्याची परंपरा सामान्यतः संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांनी 1223 मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे उभारलेल्या देखाव्यापासून मोजली जाते. तो देखावा जिवंत बैल व गाढवासह मांडलेला होता. घरात ठेवण्याजोग्या मूर्तींचा गोठा ही नंतरची अवस्था होय. गोव्यात ही प्रथा कोणी आणली याविषयी दोन शक्यता पुढे येतात. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवे जिंकल्यानंतर काही वर्षांतच संत फ्रान्सिस यांच्या पंथाचे फ्रान्सिस्कन साधू येथे स्थिरावले, तर जेझुइट हा दुसरा कॅथलिक धर्मसंघ 1542 मध्ये आला. गोठ्याचे आद्यत्व फ्रान्सिस्कनांच्या परंपरेत असल्याने श्रेय त्यांना देण्याकडे कल असतो. तथापि युरोपात 16 व्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चमधील गोठ्यांचा प्रसार करण्यात जेझुइटांचा वाटा मोठा होता आणि सासष्टीतील धर्मप्रसारही त्यांच्याचकडे होता. म्हणून निदान सासष्टीपुरती दुसरी शक्यता अधिक पटते. रायतूर येथे 1616 मध्ये छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त जन्मकथा ओवीबद्ध झाली आहे, परंतु त्या कथनावरून घरगुती गोठ्याचा काळ ठरवणे योग्य होणार नाही. हस्तिदंती बाळयेशूच्या इंडो-पोर्तुगीज मूर्ती सधन घरांतील देवघराशी निगडित होत्या. सामान्य घरांत प्रथम मातीच्या व पुढे प्लास्टरच्या मूर्ती रूढ झाल्या असाव्यात.

गोठ्याचा सांगाडा बांबूचा, छप्पर पेंढ्याचे वा माडाच्या झावळ्यांचे आणि जमीन वाळू, लाकडाचा भुसा व शेवाळ यांची असते. बाळाची जागा 24 तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवतात. कुरणासाठी उथळ भांड्यांत नाचणी रुजत घालतात, आणि या हिरवळीच्या उगमाचा प्रश्न विशेष रोचक आहे. पोर्तुगालच्या आल्गार्व प्रदेशात व मादेइरा बेटावर बाळयेशूभोवती रुजवलेल्या गव्हाची भांडी ठेवतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातही 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, गहू पेरतात. दुसरीकडे घटस्थापनेला मातीत धान्य रुजवण्याची चाल कोकण व गोव्याच्या हिंदू घरांत आणि देवळांत प्रचलित आहे. धर्मांतरित कुटुंबांनी नवरात्रीतील रुजवण नाताळात आणले, हे अनुमान आकर्षक असले तरी त्यात एक अडचण आहे. 1560 मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनची (चर्चच्या धर्मन्यायालयाची) नजर अशाच अवशेषांवर होती, आणि 1736 च्या फर्मानाने अंगणात तुळस लावण्यासारख्या साध्या चालींवरही बंदी घातली. अशा वातावरणात ही पेरणी उघडपणे टिकली, ती तिच्यामागे पोर्तुगीज नमुना असल्यामुळेच, असे मानणे सयुक्तिक वाटते. धान्य मात्र बदलले. गहू गोव्याचे पीक नव्हे, तर नाचणी डोंगरउतारावरील कुमेरी (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या) शेतीत पिकत असे आणि तिचे कोंब थोड्या दिवसांत दाट येतात.

दारापुढे वा बाल्कांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत) टांगल्या जाणाऱ्या ताऱ्याबाबत स्थिती उलट आहे. युरोपातील प्रसिद्ध कागदी तारा 19 व्या शतकात जर्मनीतील मोरावियन पंथाच्या शाळांत घडला. हा प्रोटेस्टंट पंथ असल्याने कॅथलिक गोव्याशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ ही गोव्यातील ताऱ्याची सामग्री मात्र थेट दिवाळीच्या आकाशकंदिलाची आहे आणि दोहोंत जेमतेम दीड-दोन महिन्यांचे अंतर असते. आकार बेथलेहेमच्या कथेचा व कारागिरी आकाशकंदिलाची, हा निष्कर्ष बहुधा बरोबर ठरेल. फिलिपिन्समध्येही बांबू-कागदाचा नाताळतारा बनतो, यावरून समान सामग्रीतून स्वतंत्रपणे असे रूप घडू शकते हेही लक्षात घ्यावे. पूर्वी ताऱ्यात मेणबत्ती वा पणती लावत. आता विजेचा दिवा असतो.

नाताळवृक्ष गोव्यात उशिरा आला. खुद्द पोर्तुगालच्या राजघराण्यातच तो 19 व्या शतकाच्या मध्यास, राणीचे जर्मन वंशाचे पती फर्नांदु यांच्यामुळे रुजला. किनाऱ्यालगत मिळणारी सुरूची फांदी हा त्याचा स्थानिक पर्याय असून अलीकडे प्लास्टिकच्या झाडाने तिची जागा बऱ्याच अंशी घेतली आहे. नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, कुलकुल, दोस इत्यादी पदार्थांची ताटे हिंदू शेजाऱ्यांकडे पोचवतात, आणि चवथ (गणेशचतुर्थी) व दिवाळीच्या फराळाची परतफेड त्यातून होते.

मांडणी सर्वसाधारणपणे 6 जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत राहते. काही घरांत राजांच्या मूर्ती दूर ठेवून रोज थोड्या पुढे सरकवल्या जातात. रेइश मागुश, कासावली व चांदर येथे या दिवशी मुलगे राजवेष धारण करून चर्चमध्ये येतात. गोठा व तारा यांच्या स्पर्धा गावोगावची मंडळे व चर्चमधील युवक गट घेतात. अनेक ठिकाणी नैसर्गिक सामग्री वापरण्याची अट असते, आणि थर्माकोलच्या डोंगरांऐवजी पेंढा व नाचणी काही प्रमाणात परत आली आहे ती या अटीमुळे.