उतरायला नकार देणारं विमान

मॉडेल ग्लायडरच्या, म्हणजे हवेवर तरंगणाऱ्या छोट्या विमानाच्या, रिमोटचं प्रोग्रॅमिंग करावं लागतं म्हटलं की बहुतेकांना वाटतं, विमान आपलं आपणच उडत असणार. ड्रोनमुळे हा समज आणखी पक्का झाला आहे. ड्रोनमध्ये तोल सावरणारा संगणक खरोखरच असतो. मॉडेल ग्लायडरच्या ट्रान्समीटरमधलं (रिमोटमधलं) मिक्सिंग, म्हणजे एका हुकमात दुसरा मिसळणं, मात्र निव्वळ बेरीज-गुणाकार असतं. पण त्या बेरजेत वायुगतिकी काय सुंदर सामावलेली आहे!

एफ५जे ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा घ्या. पंखांची लांबी जास्तीत जास्त ४ मीटर, उंची गाठायला विजेची मोटर फार तर ३० सेकंद, आणि मग थर्मल (वर चढणारी गरम हवा) शोधत १० मिनिटांपर्यंत तरंगायचं. शेवटी खुणेपासून १ मीटरच्या आत उतरलात तर ५० गुण. खरी अडचण इथेच येते. चांगला ग्लायडर १ मीटर उंची गमावताना १५-२० मीटर पुढे सरकतो. म्हणजे १० मीटर उंचीवरून दीडशे मीटर तरी. नाक खाली दाबलं तर उंचीची ऊर्जा वेगात जाते, विमान थांबत नाही.

उपाय म्हणजे ‘क्रो’ ब्रेक. डावी स्टिक ओढली की पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांपैकी आतले दोन फ्लॅप खूप खाली येतात आणि टोकांकडचे दोन एलेरॉन (एरवी विमान वळवणारे) थोडे वर जातात. फ्लॅप उद्धरण (वर उचलणारं बल) वाढवतात, पण अवरोध (हवेचा विरोध) त्याहून कितीतरी वाढवतात. वर गेलेले एलेरॉन टोकांचं उद्धरण कमी करतात, त्यामुळे विमान फुगून वर जात नाही आणि वेग घटला तरी टोकं आधी स्टॉल होत नाहीत, म्हणजे त्यांचं उद्धरण अचानक कोसळत नाही. जमिनीलगत एक टोक स्टॉल झालं, तर विमान वाचत नाही.

आता गंमत. फ्लॅप खाली आले की पंखामागची हवा अधिक जोरात खाली वळते. ती शेपटीवर पडते, शेपटी दबते, नाक वर उठतं. म्हणून ब्रेकबरोबर एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) थोडा खाली मिसळावा लागतो. किती? इथे सरळ रेषा चालत नाही. फ्लॅपच्या पहिल्या टप्प्यात उद्धरण झपाट्याने वाढतं, पुढे मुख्यतः अवरोध. म्हणून पाच बिंदूंचा वक्र द्यायचा, ब्रेकच्या पाच टप्प्यांवर एलिव्हेटर किती खाली ते सांगणारा: समजा ०, ६, ९, १०, १० टक्के. पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरचा, म्हणजे सर्व्होचा, मध्य १५०० मायक्रोसेकंदांच्या स्पंदाला आणि पूर्ण हालचाल त्याच्या दोन्ही बाजूंना ५००; मग १० टक्के म्हणजे ५० मायक्रोसेकंदांचा फरक. त्यात तुमची स्टिक आणि ट्रिम (स्टिक मध्यावर असतानाची बारीक दुरुस्ती) मिळवायचं, की एलिव्हेटरचा हुकूम तयार.

आणखी एक. एरवी वळताना एलेरॉन वर जास्त, खाली कमी जातो. नाक उलट्या दिशेला ओढलं जाऊ नये म्हणून ठेवलेला हा फरक, म्हणजे डिफरेन्शियल. ब्रेक लावल्यावर एलेरॉन आधीच वर असतात, खाली येणाराच अधिक उपयोगी. म्हणून ब्रेकच्या प्रमाणात डिफरेन्शियल काढून टाकायचं.

एजटीएक्ससारख्या ट्रान्समीटरच्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे विजेत्यांच्या फाइली सहज मिळतात आणि काही जण त्यातले आकडे मंत्रासारखे जपतात. त्यांत सिद्धी नाही. शेपटीची लांबी, गुरुत्वमध्य, सर्व्होच्या दांड्याची लांबी, यातलं एक बदललं की वक्र बदलतो.

तो स्वतःच काढावा लागतो: भरपूर उंचीवर, एलिव्हेटरला हात न लावता ब्रेक हळूहळू ओढायचा, कुठल्या टप्प्यावर नाक हलतं ते पाहायचं, उतरून तेवढाच एक बिंदू बदलायचा. जमिनीजवळ ब्रेक झटकन सोडणं मात्र टाळा. फ्लॅपचं उद्धरण एकदम जातं आणि विमान धपकन खाली येतं. ते कुठलंही मिक्सिंग सावरू शकत नाही.