वेटिंग रूम की लाउंज? दारात रजिस्टर आहे की मशीन, ते पाहा

पहाटे साडेचारची वेळ. एका मोठ्या स्टेशनचा पहिला मजला. काचेचं दार, आत पिवळसर दिवे, कॉफीचा वास. दारातल्या टेबलाशी साठीतले एक काका तिकिटाची प्रिंट हातात धरून उभे होते. "अहो, आमचं फर्स्ट एसी आहे," हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. टेबलामागच्या मुलाने प्रिंटकडे पाहिलंही नाही. "काका, तिकीट कुठलंही असू दे. दोन तासांचे पैसे भरावे लागतील. नाहीतर कार्ड आहे का?"

त्यांच्या मागे मी उभा होतो. माझं तिकीट स्लीपरचं होतं. मी पैसे भरले, पावती घेतली आणि आत गेलो. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून लक्षात आहे.

त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं आणि काकाही खोटं बोलत नव्हते. फक्त ते वेटिंग रूमचा नियम घेऊन लाउंजच्या दारात आले होते. हा घोळ रोज कुठल्या ना कुठल्या स्टेशनवर होतो, कारण दोन्हीकडे खुर्च्या असतात, दोन्हीकडे लोक गाडीची वाट पाहत बसलेले असतात आणि पाटीवरच्या शब्दांवरून फारसा उलगडा होत नाही.

वेटिंग रूम, म्हणजे सरकारी पाटीवरचं 'प्रतीक्षालय', ही तिकिटाबरोबर येणारी सोय आहे. तिचे पैसे तुम्ही तिकीट काढतानाच दिलेले असतात असं समजा. तिथे विचारलं जातं ते एवढंच: तुम्ही प्रवासी आहात का, आणि कुठल्या वर्गाचे? उच्च श्रेणीच्या प्रतीक्षालयाच्या दाराशी बहुतेक ठिकाणी एक बाई किंवा बुवा जाडजूड रजिस्टर घेऊन बसलेले असतात. पीएनआर, गाडीचा नंबर, नाव, किती माणसं, येण्याची वेळ, सही. रजिस्टरला दोरीने बांधलेलं पेन असतं आणि ते निम्म्या वेळा चालत नाही. तिकीट एसीचं किंवा फर्स्ट क्लासचं असेल तर आत. जनरलचं असेल तर बाई हाताने दुसरीकडे दाखवतात: द्वितीय श्रेणी प्रतीक्षालय, म्हणजे बाकांचा मोठा हॉल, जिथे कुणी काही विचारत नाही.

वर्गाचा हा हिशेब इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, तेव्हापासून डब्यांना वर्ग आहेत आणि डब्यांपाठोपाठ खोल्यांनाही ते आले. तिसरा वर्ग १९७४ साली कागदावरून गेला. गाड्यांमध्ये एसीचे नवनवे प्रकार आले. प्रतीक्षालयांनी मात्र जुनी उभी विभागणी सोडली नाही. म्हणून वेटिंग रूमच्या दारात तुमचं फर्स्ट एसी खरोखर कामाला येतं.

लाउंजच्या दारात ते कामाला येत नाही. तिथे बसायची जागा तासावर विकली जाते. एक्झिक्युटिव्ह लाउंज या नावाने ज्या जागा आपण ओळखतो त्या मुख्यतः आयआरसीटीसीच्या, म्हणजे १९९९ साली स्थापन झालेल्या रेल्वेच्या खानपान आणि पर्यटन महामंडळाच्या पुढाकाराने उभ्या राहिल्या. रोजचा कारभार बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराकडे असतो. नवी दिल्ली, जयपूर, अहमदाबाद, आग्रा कँट, मदुराई, सियालदह अशा स्टेशनांवर त्या सुरू झाल्या. आत एसी, वायफाय, गाड्यांच्या वेळा दाखवणारा पडदा, चहा-कॉफी, कुठे बुफे, कुठे पाय ताणून पडता येईल अशा खुर्च्या. दर बदलत राहतात, पण पद्धत साधारण एकच असते: सुरुवातीला दोन तासांचा एक टप्पा आणि पुढे तासागणिक जादा. जेवण वेगळं, आंघोळ बहुधा वेगळी. काही ठिकाणी ते तिकीट पाहतात, पण ते तुम्ही प्रवासी आहात याची खात्री करायला. वर्ग पाहून कुणाला सवलत मिळत नाही आणि स्लीपरवाला आहे म्हणून कुणाला हाकलतही नाहीत. पैसे दिले की सगळे सारखे. मला यात एक प्रकारची लोकशाही वाटते, काकांना तशी वाटण्याचं कारण नव्हतं.

इथवर सगळं सरळ आहे. गोंधळ खरा वाढला तो मधल्या प्रकारामुळे. अलीकडे बऱ्याच स्टेशनांवर 'वातानुकूलित प्रतीक्षालय' अशी पाटी दिसते, पण आत जायला ताशी पैसे पडतात. नाव वेटिंग रूमचं, वागणं लाउंजचं. रेल्वेने जागा चालवायला दिलेली असते, चालवणारा पंख्याऐवजी एसी लावतो, सोफे टाकतो, कोपऱ्यात मोबाईल चार्जिंगची सोय करतो आणि तासाप्रमाणे वसूल करतो. ताशी दर लाउंजच्या मानाने किरकोळ असतो, म्हणून लोक फारशी कुरकुर करत नाहीत. पण तुमच्याकडे एसीचं तिकीट असेल, तर हे पैसे भरण्याआधी एकदा विचारून घ्या की उच्च श्रेणीचं फुकट प्रतीक्षालय कुठे आहे. ते बहुतेक वेळा असतं. फक्त त्याची पाटी जुनी असते, दिवे मंद असतात, आणि चकचकीत दार आधी दिसतं.

म्हणून पाटी वाचण्यापेक्षा दारातल्या माणसाच्या हातात काय आहे ते बघावं. रजिस्टर असेल तर तिकीट काढा. स्वाइप मशीन असेल तर पाकीट.

कराच्या बाबतीतही हा फरक उमटला आहे. जून २०२४मध्ये जीएसटी परिषदेच्या ५३व्या बैठकीत रेल्वे प्रवाशांना देत असलेल्या काही सेवा करमुक्त करायची शिफारस झाली: प्लॅटफॉर्म तिकीट, रिटायरिंग रूम आणि वेटिंग रूम, क्लोक रूम, आणि प्लॅटफॉर्मवरच्या बॅटरीच्या गाड्या. लाउंज हा शब्द त्या यादीत नाही.

आता कार्डाचं प्रकरण. इथे सर्वांत जास्त लोक फसतात आणि फसणारे बहुतेक विमानाने प्रवास करणारे असतात. विमानतळाच्या लाउंजमध्ये कार्ड दाखवून फुकट जेवायची सवय झालेली असते. तेच कार्ड रेल्वे स्टेशनवर पुढे केलं की मशीन नाही म्हणतं. कारण दोन्हींचे करार वेगळे. कार्डाच्या माहितीत 'एअरपोर्ट लाउंज' लिहिलं असेल तर त्यात रेल्वे आपोआप येत नाही, 'रेल्वे लाउंज' असा वेगळा उल्लेख लागतो. तो सहसा सापडतो रेल्वेशी जोडलेल्या कार्डांवर. उदाहरणार्थ, आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्डच्या जोड-कार्डात प्लॅटिनम प्रकाराला वर्षाला लाउंजच्या चार फुकट भेटी, तिमाहीला एक, आणि प्रीमियर प्रकाराला वर्षाला आठ, तिमाहीला दोन, असा हिशेब ठेवलेला आहे. तिमाहीची भेट वापरली नाही तर ती पुढे ढकलता येत नाही. दिवाळीत जायचं म्हणून साठवून ठेवू, असं चालत नाही.

दाराशी कार्ड घासलं की साधारण दोन रुपयांचा व्यवहार होतो. कार्ड चालू आहे आणि भेट शिल्लक आहे हे तपासण्यासाठी ते असतं. लोक त्या दोन रुपयांच्या मेसेजवरूनही भांडतात. खरं भांडण पुढे असतं. फुकट भेट कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याची, घरच्यांची नव्हे. चौघांचं कुटुंब एका कार्डावर आत जात नाही. एकाचं फुकट, तिघांचे पैसे. शिवाय त्या फुकट भेटीत बसणं तेवढं येतं की जेवणही येतं, हे कार्डागणिक बदलतं. वाढलेली थाळी हातात घेण्याआधी विचारलेलं बरं.

तिसरा मुद्दा वेळेचा. कोकणातल्या पावसात किंवा उत्तरेतल्या धुक्यात गाडी पाच तास उशिरा येणार असं कळलं की दोन जागांमधला फरक फार स्वच्छ दिसतो. वेटिंग रूममध्ये गाडी उशिरा आली तर तुम्ही नुसते जास्त वेळ बसता. रजिस्टरमधली नोंद शिळी होत नाही. लाउंजमध्ये मीटर चालू असतं. गाडीला उशीर रेल्वेमुळे झाला की धुक्यामुळे, याच्याशी त्या काउंटरचा संबंध नाही. तीन तासांपेक्षा जास्त उशीर झाला आणि प्रवासच केला नाही तर तिकिटाचे पैसे टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून परत मागता येतात, तेही गाडी सुटण्याआधी भरला तर. लाउंजचे पैसे त्यात कुठेच येत नाहीत. मी स्वतः अशा वेळी आधी वेटिंग रूममध्ये बसतो आणि शेवटच्या दोन तासांसाठी लाउंजमध्ये जातो. उलटं केलं तर खिशाला चाट बसते.

आणि लाउंज कुठल्या बाजूला आहे हे आधी पाहावं. नवी दिल्ली स्टेशनला १६ प्लॅटफॉर्म आहेत. जुना लाउंज अजमेरी गेटच्या अंगाला, १६ नंबरकडे. गाडी पहाडगंजच्या अंगाला एक नंबरवर लागली तर बॅगा घेऊन अख्खा पूल ओलांडायचा. लाउंजमधल्या पडद्यावर प्लॅटफॉर्मचा नंबर दिसतो, पण तो बदलल्याची घोषणा काचेच्या आड नीट ऐकू येईलच असं नाही.

काही छोट्या गोष्टी राहिल्या. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं आणि दोन तासांचं असतं, पण त्यावर तुम्ही प्रवासी ठरत नाही. त्यामुळे सोडायला आलेल्या भाच्याला वेटिंग रूममध्ये बसण्याचा हक्क नाही. बाई दुर्लक्ष करतात तो त्यांचा चांगुलपणा. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. मग तो पीएनआर रजिस्टरात लिहून उपयोग नाही. याउलट गाडीतून उतरलेल्या प्रवाशाला, म्हणजे पहाटे पोचलेल्या आणि घरचा माणूस न्यायला येईपर्यंत थांबलेल्याला, त्याच तिकिटावर वेटिंग रूममध्ये बसू देतात.

महिलांचं प्रतीक्षालय वेगळं असेल तर त्याबद्दल नियम कडक आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १६२ फक्त डब्याबद्दल बोलत नाही, त्यात राखीव खोलीही येते. पुरुष जाणूनबुजून आत शिरला तर पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "बायकोला बॅग द्यायला आलो" हे दारातूनही सांगता येतं. लाउंजमध्ये सहसा अशी विभागणी नसते. रात्री एकटीने थांबायचं असेल तर माझ्या बहिणीची पसंती महिलांच्या प्रतीक्षालयालाच असते, आणि मला ती पटते.

झोपायचं असेल तर या दोन्ही जागा विसरा. त्यासाठी रिटायरिंग रूम असते. ती पीएनआरवर मिळते, तिकीट कन्फर्म किंवा आरएसी (बसण्यापुरती जागा मिळालेलं) असावं लागतं, जिथून बसणार किंवा जिथे उतरणार त्या स्टेशनवर ती आरक्षित करता येते, जास्तीत जास्त ४८ तासांसाठी. मुंबई सेंट्रलला २०२१ साली सुरू झालेलं ४८ खोल्यांचं पॉड हॉटेल हा त्याच गरजेचा नवा अवतार. आणि एखाद्या स्टेशनवर पितळी अक्षरांत 'व्हीआयपी कक्ष' दिसला तर तिकडे वळूच नका. तिथे तिकीटही चालत नाही, पैसेही नाहीत आणि कार्डही नाही.

त्या पहाटे काका तणतणत खाली गेले आणि वीस पावलांवरच्या उच्च श्रेणी प्रतीक्षालयात त्यांना जागा मिळाली. हे मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. बाईंनी पीएनआर लिहून घेतला, फर्स्ट एसी वाचून मान डोलावली, पंख्याखालची लांब हातांची खुर्चीही दाखवली. एकच अडचण होती: न्हाणीघराच्या नळाला पाणी नव्हतं. पावणेसहाला ते खांद्यावर पंचा टाकून पुन्हा काचेच्या दारात उभे. या वेळी तिकिटाची प्रिंट त्यांनी खिशातून काढलीच नाही.

"आंघोळीचे किती?" त्यांनी विचारलं.