किडनी फेल्युअर: उपचार आणि किडनीची काळजी

किडनी फेल होणं म्हणजे रक्त गाळायचं काम किडनीला झेपेनासं होणं, ईजीएफआर (किडनी किती रक्त गाळते ते सांगणारा आकडा) 15 च्या खाली गेला की ती शेवटची म्हणजे पाचवी स्टेज. मुख्य कारणं शुगर आणि बीपी. कोल्हापुरात कुणालाही विचारा, "क्रिएटिनिन (किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा) किती आलं?" एवढंच बघतात, पण किडनी बरीच खराब होईस्तोवर तो आकडा नॉर्मल दिसू शकतो, म्हणून शुगर-बीपीवाल्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) पण तपासून घ्यावंच. आणि गुडघे दुखले, कंबर धरली की मेडिकलमधून पेनकिलर आणून महिनोन्‌महिने खायच्या, हे आधी बंद करा.

किडनी फेल झाली की मशीनवरचं डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त गाळणं, आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण 4 तास. त्यासाठी हातात फिश्चुला करतात, म्हणजे धमनी शिरेला जोडतात, मग ती शीर फुगून जाड होते आणि सुया घालता येतात. तयार व्हायला दीड-दोन महिने तरी जातात, कधी जास्तच, म्हणून डॉक्टर आधीच करा म्हणतात आणि घरचे "बघू की नंतर" करत राहतात, मग ऐनवेळी मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, टाकायला लागतो, त्यात इन्फेक्शनची भीती जास्त. फिश्चुलावर बोटं ठेवली की थरथर लागते, ती रोज बघायची, थांबली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. त्या हातावर बीपीचा पट्टा नको, सलाईन नको, हात उशाखाली घेऊन झोपणं पण नको.

पोटाचं डायलिसिस, म्हणजे पोटात नळीतून द्रव सोडून रक्त साफ करणं, घरीच होतं, चंदगड-गगनबावड्यासारख्या लांबच्या भागातून येणाऱ्यांनी त्याबद्दल नक्की विचारावं, फक्त स्वच्छता कडक पाहिजे.

आपल्याकडं पेशंटला बघायला जाताना शहाळं नेतात, डायलिसिसवाल्याला ते अजिबात देऊ नका, त्यातलं पोटॅशियम शरीरात साठून हृदयाचे ठोके बिघडतात, जीवावर बेतू शकतं. कमी सोडियमचं मीठ पण तसलंच, त्यात पोटॅशियम असतं. खर्डा, लोणचं, पापड, मिसळीवरचं फरसाण यातलं मीठ तहान वाढवतं आणि पाणी तर मापूनच प्यायचं असतं.

ट्रान्सप्लांट सगळ्यात चांगला पर्याय, पण गोळ्या कायमच्या. 1994 च्या अवयवदान कायद्यानं आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको, आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा, नातवंडं पण किडनी देऊ शकतात. घरात कुणी जुळत नसेल तर ब्रेनडेड दात्याच्या किडनीसाठी ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत वेटिंग लिस्टला नाव लावायचं, आणि ते लवकर लावायचं.