मेडिकेअरच्या खर्चाला मर्यादा का नाही : १९८८ च्या कायद्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत नोकरी केलेल्या माणसाच्या पगारातून मेडिकेअरचा, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कर वर्षानुवर्षे कापला जातो. त्यामुळे पासष्टी आली की उपचार फुकट, अशी बहुतेकांची समजूत असते. सत्तरच्या दशकात तिकडे गेलेली मराठी पिढी आता या योजनेत आहे आणि पहिल्याच वर्षी तिचीही समजूत मोडते. २०२६ मध्ये पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या विम्याचा, हप्ता महिन्याला २०२.९० डॉलर आहे. रुग्णालयात दाखल झाल्यास पहिले १,७३६ डॉलर रुग्णाने भरायचे. ही रक्कम वर्षातून एकदाच द्यायची असते असेही नाही. घरी परतल्यावर सलग ६० दिवस उलटले आणि पुन्हा दाखल व्हावे लागले, तर ती पुन्हा भरावी लागते. डॉक्टरांच्या आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या मंजूर खर्चातला २० टक्के वाटा वेगळा. कर्करोगाच्या उपचारांचे मंजूर बिल वर्षाला ६०,००० डॉलर झाले, तर सुमारे १२,००० डॉलर रुग्णाच्या माथी येतात. सरकार स्वतः चालवते त्या मूळ मेडिकेअरमध्ये या वाट्याला वरची मर्यादाच नाही. अशी मर्यादा घालणारा कायदा एकदा झाला होता आणि दीड वर्षाच्या आत तो रद्दही झाला. आजच्या खर्चाची घडण समजून घ्यायची तर त्या दीड वर्षाकडे पाहावे लागते.

१९६५ मध्ये मेडिकेअरचा कायदा झाला आणि १ जुलै १९६६ पासून योजना सुरू झाली. तिचा साचा त्या काळच्या खासगी विम्यावरून घेतलेला होता. रुग्णालयाचा विमा वेगळा, डॉक्टरांचा वेगळा, आणि मोठ्या आजारपणात एकूण खर्च कुठे थांबणार याचा विचार दोन्हीकडे नाही. पार्ट बीचा पहिला हप्ता ३ डॉलर होता. निम्मा खर्च वृद्धांनी उचलायचा आणि निम्मा सरकारी तिजोरीने, असे ठरले होते. पुढे हप्त्याच्या वाढीवर लगाम घातल्यामुळे वृद्धांचा वाटा घसरत पाव हिश्श्यापर्यंत आला आणि १९९७ मध्ये तो तिथेच कायम केला गेला. म्हणजे वाटा स्थिर राहिला, पण ज्याचा तो पाव हिस्सा आहे तो खर्च वाढत गेला.

१९८८ च्या जुलैमध्ये दोन्ही पक्षांच्या भरघोस पाठिंब्याने मोठ्या आजारपणाच्या खर्चापासून संरक्षण देणारा कायदा झाला. त्यातल्या तरतुदी आजही कुणालाही हव्याशा वाटतील अशा होत्या. वर्षातून एकदा ठरावीक रक्कम भरली की रुग्णालयाचे दिवस अमर्याद. पार्ट बीमधल्या स्वतःच्या खर्चाला १९९० पासून वार्षिक मर्यादा. त्यानंतर टप्प्याटप्प्याने रुग्णालयाबाहेरच्या औषधांचाही समावेश. वादाला तोंड फुटले ते पैसे कुणी द्यायचे यावरून. हा सगळा भार मेडिकेअरच्या लाभार्थींनीच उचलायचा होता. सर्वांच्या हप्त्यात थोडी वाढ होणार होती, आणि ज्यांना आयकर भरावा लागतो अशा वृद्धांवर करावर आधारलेला जादा हप्ता बसणार होता. दर १५० डॉलर करामागे २२.५० डॉलर, आणि १९८९ साठी माणशी जास्तीत जास्त ८०० डॉलर. पती-पत्नी दोघे असतील तर १,६००.

खरे पाहता बहुसंख्य वृद्धांना हा जादा हप्ता लागूच नव्हता आणि पूर्ण ८०० डॉलर भरावे लागणारे तर थोडेच होते. पण प्रचारात ८०० हाच आकडा घरोघरी पोहोचला. वृद्धांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने कायद्याला पाठिंबा दिला होता. तिचेच सदस्य तिच्यावर उलटले. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत एका सभेनंतर संतापलेल्या वृद्धांनी संसदेच्या करविषयक समितीच्या प्रमुखाची गाडी अडवली. काठ्या आणि फलक गाडीवर आपटत होते आणि लोकप्रतिनिधी वाट काढत पळत असल्याचे दृश्य देशभर टीव्हीवर दिसले. वर्ष संपण्याआधीच कायदा जवळजवळ सगळा रद्द झाला.

या प्रसंगाकडे नेहमी सुखवस्तू म्हाताऱ्यांचा स्वार्थ म्हणून बोट दाखवले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. मोठ्या कंपन्यांतून निवृत्त झालेल्या अनेकांना जुन्या मालकाकडून हेच संरक्षण आधीच मिळत होते. त्यांना हातात असलेल्या गोष्टीसाठी पुन्हा पैसे द्यायला सांगितले गेले. ज्याची खरी धास्ती होती तो शुश्रूषागृहातल्या दीर्घकाळच्या देखभालीचा खर्च तर कायद्यात नव्हताच. आणि म्हाताऱ्यांच्या आजारपणाचा वाढीव भार म्हाताऱ्यांनीच एकमेकांत वाटून घ्यावा, हे तत्त्व तोवर या योजनेत कधीच नव्हते. चूक पैसे उभे करण्याच्या पद्धतीत होती, पण तिच्याबरोबर मर्यादाही गेली. सर्वाधिक नुकसान झाले ते ज्यांना जुन्या मालकाचा आधार नव्हता आणि सरकारी मदत मिळण्याइतकी गरिबीही नव्हती, त्यांचे. अगदी गरीब वृद्धांचा हप्ता आणि खर्चातला वाटा राज्यांच्या मदत योजनेतून भरण्याची तरतूद मात्र त्या कायद्यातून वाचली आणि आजही टिकून आहे.

नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत तेच मुद्दे सुटे सुटे होऊन परत आले. २००३ च्या कायद्याने औषधांचा विमा आणला आणि २००६ पासून तो सुरू झाला. पण मधला एक टप्पा असा ठेवला की तिथे औषधांचा सगळा खर्च रुग्णाचा. ती पोकळी भरायला २०२० उजाडले. २००३ च्याच कायद्याने उत्पन्नानुसार जादा हप्ताही आणला आणि तो २००७ पासून लागू झाला. या वेळी गाड्या अडवल्या गेल्या नाहीत, कारण तो वरच्या थोड्यांनाच लागू होता. तो दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. २०२४ मध्ये घर विकून मोठा करपात्र नफा झाला असेल, तर २०२६ चा हप्ता त्याने वाढतो. निवृत्ती किंवा जोडीदाराचा मृत्यू अशा कारणांसाठी फेरविचार मागता येतो, घरविक्रीसाठी नाही. २०२२ च्या कायद्याने औषधांवरच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादा आली. ती २०२५ मध्ये २,००० डॉलर होती, आता २,१०० आहे. यासाठी वृद्धांवर वेगळा कर बसवला नाही; काही औषधांच्या किमती सरकारने कंपन्यांशी वाटाघाटी करून ठरवायच्या, असे ठरले.

मेडिकेअरच्याच, पण खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या अ‍ॅडव्हान्टेज योजनांना २०११ पासून रुग्णाच्या स्वतःच्या खर्चाला वार्षिक मर्यादा ठेवावीच लागते, आणि आता निम्म्याहून अधिक लाभार्थी तिकडे गेले आहेत. त्या बदल्यात ठरावीक डॉक्टर आणि पूर्वपरवानगीची अट येते. मूळ मेडिकेअरमध्ये राहणाऱ्याला २० टक्के वाट्यासाठी वेगळी पूरक पॉलिसी घ्यावी लागते. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाले की पहिले सहा महिने ती कंपनीला नाकारता येत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत कंपनी प्रकृतीची चौकशी करू शकते, आणि आधीचा आजार पाहून नकारही देऊ शकते.